इथून सगळं दिसतं

बोस्नियातल्या सारायेवोच्या रोपवेमध्ये माझ्यासमोर एक आजी आणि तिचा दहा-अकरा वर्षांचा नातू बसले होते. त्रेबेविच डोंगरावर जाणारी केबिन खालच्या स्टेशनातून बाहेर पडली आणि दोन मिनिटांत शहर पायाखाली पसरलं. लाल कौलं, मधूनच एखादा मिनार, मिल्यात्स्का नदीची बारीकशी रेघ, तिच्या काठावरचं आडव्या पट्ट्यांचं जुनं नगरभवन, आणि पलीकडच्या उतारांवर पांढरे ठिपके, इतके दाट की मला आधी ती कसलीतरी बाग वाटली. त्या कबरी होत्या, हे नंतर कळलं. मी शहराकडे तोंड करून बसले होते, आजी शहराकडे पाठ करून. एवढं दृश्य तिला दिसत नाहीये याची मलाच चुटपुट लागली, म्हणून जागा बदलायची का असं मी खुणेनं विचारलं. तिने मानेनंच नको म्हटलं. मग त्या मुलाच्या शाळेतल्या इंग्रजीच्या भरवशावर मी त्याला म्हणाले, "किती सुंदर दिसतं ना सगळं इथून!" त्याने ते आजीला सांगितलं. आजी बोलू लागली. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत बोलत राहिली, आवाज जराही न चढवता, मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात तसेच ठेवून. मुलगा ऐकत होता. ती थांबली तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ती म्हणतेय, हो, इथून सगळं दिसतं."

बाकीचं त्याने स्वतःजवळच ठेवलं.

नव्या शहरात पोचले की मी आधी उंच जागा शोधते. सामान खोलीवर टाकायचं, तोंड धुवायचं आणि एखादा मनोरा, टेकडी, चर्चचा घंटाघर-बुरूज, काही नसेल तर निदान किल्ल्याची तटबंदी गाठायची. वरून एकदा शहराचा आकार डोळ्यांत बसला की मग खाली कितीही भटकले तरी हरवल्यासारखं वाटत नाही. नदी कुठून येते, जुनं गाव कुठे संपतं, रेल्वेचे रूळ शहराला कुठे चिरतात, हे सगळं नकाशात असतंच. पण नकाशात ऊन नसतं. एकाच वेळी अर्धं शहर उन्हात आणि अर्धं ढगाच्या सावलीत आहे, आणि ती सावली गल्ल्यांची पर्वा न करता सरळ छपरांवरून सरकत चालली आहे, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर उभं राहून मोकळ्या मैदानातसुद्धा आपल्याला जेमतेम साडेचार किलोमीटरवरचं क्षितिज दिसतं. शंभर मीटर वर गेलं की तेच छत्तीस किलोमीटरवर जातं. पण पुढे हा हिशोब कठोर होत जातो: नजरेची लांबी दुप्पट हवी असेल तर उंची चौपट लागते. पहिल्या काही पायऱ्यांमध्ये जितकं जग मोकळं होतं, तितकं पुढच्या शेकडो पायऱ्यांमध्ये होत नाही.

पायऱ्यांचीही एक आठवण असते, ती पोटऱ्यांमध्ये राहते. बोलोन्याचा असिनेल्ली मनोरा मी चढले तेव्हा तो अजून लोकांसाठी खुला होता. बाराव्या शतकातला, सत्त्याण्णव मीटर उंच, आतून जवळजवळ पोकळ, आणि भिंतींना धरून वर जाणारा लाकडी जिना: ४९८ पायऱ्या. इतक्या शतकांच्या पावलांनी लाकूड मधोमध खोलगट झालेलं, त्यामुळे पाय आपोआप आधीच्या माणसाच्या जागी पडतो. आत विटांचा थंड वास, कबुतरांचा वास, आणि वरून उतरणाऱ्या कुणाला वाट देताना भिंतीला टेकलेल्या पाठीला जाणवणारा गारवा. मनोरा किंचित कललेला आहे हे डोळ्यांना आत कळत नाही, पण पावलांना कळतं. वर पोचल्यावर वारा एकदम कानांत शिरला. खाली गेरूच्या, विटकरीच्या, जुन्या ताज्या लालच्या इतक्या छटा की रंगाचं नाव घेणं निरर्थक वाटावं. शेजारचा गारिसेंदा मनोरा याहून बुटका आणि याहून कितीतरी जास्त वाकलेला. २०२३ मध्ये तो धोकादायक ठरला आणि भोवतीचा परिसर बंद करावा लागला. ती बातमी वाचली तेव्हा आधी आठवला तो त्या लाकडी पायरीतला खोलगटपणा. दृश्य त्याच्या मागून आठवलं.

लिफ्टने गेलं की असं काही उरत नाही. दुबईच्या बुर्ज खलिफात लिफ्ट १२४व्या मजल्यावर साधारण मिनिटाभरात पोचवते, कान दडपतात, दार उघडतं आणि आपण ४५२ मीटरवर असतो. तिथे मी तासभर उभी होते. खाली रस्ते होते, पाणी होतं, इमारती होत्या, पण शहर नव्हतं. बांधकामाआधी काचेच्या पेटीत ठेवतात तसल्या प्रतिकृतीकडे बघतोय असं वाटत राहिलं. गाड्या दिसत होत्या, त्यांचं चालणं दिसत नव्हतं. माणूस तर दिसतच नव्हता. तिथली माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: त्या इमारतीत वरच्या मजल्यांवर सूर्य खरोखरच उशिरा मावळतो. म्हणून रमझानमध्ये ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि दीडशेव्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटं, असं तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलेलं आहे. एकाच पत्त्यावरची माणसं, आणि कुणाची संध्याकाळ आधी, कुणाची नंतर. काचेतून दिसलेल्या सगळ्या वाळवंटापेक्षा ती तीन मिनिटं मला जास्त खरी वाटतात.

उंचीची माझी म्हणून एक मर्यादा ठरून गेली आहे. रस्त्यावरून चाललेलं माणूस माणूस म्हणून ओळखू येईल, त्याच्या हातात पिशवी आहे की मूल आहे एवढं कळेल, तोवरची उंची चांगली. त्यापुढे जे दिसतं ते भव्य असतं, पण त्याच्याशी बोलता येत नाही. आणि आवाज यायला हवा. टोकियोच्या महानगर प्रशासनाच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये पंचेचाळिसाव्या मजल्यावरून, २०२ मीटरवरून, हिवाळ्यातल्या एका सकाळी मला फुजी दिसला. आधी तो ढगच वाटला, मग त्या ढगाला कडा आहेत हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. तरीही ते सगळं काचेमागे, मुकं. याउलट लिस्बनमध्ये सेन्योरा दु मोंतच्या टेकडीवर, पाइनच्या झाडांखालच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की शहर आधी ऐकू येतं. खालच्या वळणावर ट्रामच्या चाकांचं कुरकुरणं, कुठल्यातरी अंगणातली हातोडी, कुणीतरी कुणालातरी मारलेली हाक, मागोमाग एका चर्चची घंटा आणि जरा उशिराने दुसऱ्या चर्चची. त्या दोन घंटांमधलं अंतर ऐकताना मी डोळे मिटून घेतले होते. दृश्य बघायला टेकडी चढून गेले आणि डोळे मिटले, पण त्या टेकडीवरून शहर मला सगळ्यात नीट तेव्हाच कळलं.

आपण विहंगम दृश्य म्हणतो. विहंग म्हणजे पक्षी. पण घार काही दृश्य बघत नाही, ती उंदीर शोधत असते.

मनोऱ्यांवरून पाहणं हे मुळात कामच होतं, हे मला इस्तंबूलच्या गालाता मनोऱ्यावर पहिल्यांदा नीट उमगलं. १३४८ साली जिनोआच्या व्यापाऱ्यांनी तो आपल्या वस्तीच्या तटाचा भाग म्हणून बांधला, आणि पुढे ऑटोमन काळात त्यावर आगीचे पहारेकरी बसू लागले. लाकडी घरांचं शहर. कुठे धूर दिसतोय एवढंच बघत राहायचं. १७९४ मध्ये आणि पुन्हा १८३१ मध्ये तो मनोरा स्वतःच आगीत सापडला. वरच्या अरुंद गॅलरीत आमची रांग एकाच दिशेने पुढे सरकत होती, सगळ्यांचे फोन बॉस्फरसकडे वळलेले, आणि मी मात्र छपरांवरून धूर शोधत होते. चुलाण्यांचा, जहाजांचा, असा धूर बराच होता. त्यातला कोणता साधा आणि कोणता वाईट, हे ओळखायला किती वर्षं त्या एकाच कठड्याशी उभं राहावं लागत असेल!

असे पहारेकरी काही ठिकाणी अजून आहेत. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून १४०५ पासून रात्री दहा ते दोनपर्यंत दर तासाला पहारेकरी चारही दिशांना ओरडून किती वाजले ते सांगतो. घड्याळं सगळ्यांच्या खिशात आली, आगीचे बंब आले, तरी ती हाक थांबली नाही. मी खालच्या चौकात कॉलर वर करून उभी होते. वरून आलेला तो आवाज माणसाचा होता, भोंग्याचा नव्हता, आणि झोपलेल्या छपरांवर तो एखादं पांघरूण टाकल्यासारखा पसरला. पोलंडच्या क्राकुफमध्ये चर्चच्या एक्याऐंशी मीटर उंच मनोऱ्यावरून अग्निशमन दलाचा जवान दर तासाला चार दिशांना तुतारीसारखं वाद्य वाजवतो, आणि सूर मधेच तुटतो. शत्रू आल्याचा इशारा देणाऱ्या वादकाच्या गळ्यात बाण घुसला तिथेच तो तुटतो, अशी आख्यायिका आहे. सूर तुटल्यावर खाली चौकात काही क्षण सगळेच वर बघत राहिले. मग खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. खालून आम्हीही हात हलवले. कितीतरी मनोऱ्यांवरून मी शहरं पाहिली, पण वरचा माणूस आपल्याला बघतोय आणि त्यात धास्ती नाही, असं मला तिथेच वाटलं.

कारण वरून बघणाऱ्याची जात सगळीकडे सारखी नसते. हाँगकाँगच्या शिखरावर जाणारी ट्राम १८८८ मध्ये सुरू झाली. तिच्या तिरक्या डब्यातून वर जाताना बाजूच्या इमारतीच मागे कलल्यासारख्या दिसतात, आणि वर पोचल्यावर बंदर, बोटी, काचेचे मनोरे यांचं जे काही उलगडतं ते बघून खरंच बोलणं बंद होतं. पण १९०४ मध्ये तिथे कायदा झाला होता की या शिखरावर चिनी माणसाने राहायचं नाही. नोकर म्हणून आला तर चालेल. दुसरं महायुद्ध होऊन गेल्यावरच तो कायदा गेला. हवा, गारवा आणि दृश्य एका बाजूला, ज्यांचं शहर ते दुसऱ्या बाजूला, खाली. बोलिव्हियात मात्र हे सगळं उलटं आहे. तिथे ला पाझ शहर एका खोल वाडग्यात वसलेलं, आणि वाडग्याच्या काठावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच, एल आल्तो. श्रीमंत खाली, जिथे श्वास घेता येतो आणि थंडी कमी लागते. कष्टकरी वर, जिथून बर्फाची शिखरं आणि संध्याकाळी पेटत जाणारं सगळं शहर दिसतं. २०१४ पासून शहरभर रोपवे धावतात. त्यात माझ्याबरोबर कामावरून घरी निघालेल्या बायका होत्या, रंगीत गाठोडी मांडीवर घेऊन. एकही बाहेर बघत नव्हती. दोघींनी डोळे मिटले होते. मी काचेला नाक लावून बसले होते आणि त्या झोपेकडे पाहून हळूच मागे सरकले.

'पॅनोरमा' हा शब्दसुद्धा एका टेकडीवरून आला. एडिनबराच्या कॅल्टन हिलवर फिरताना रॉबर्ट बार्कर या चित्रकाराला चहूबाजूंचं शहर एकाच गोल चित्रात बसवण्याची कल्पना सुचली, १७८७ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं, आणि १७९३ मध्ये लंडनमध्ये खास गोल इमारत उभी राहिली. लोक अंधाऱ्या वाटेने आत जायचे आणि मधल्या चौथऱ्यावर उभं राहून स्वतःभोवती फिरायचे. आपण आजही मनोऱ्यावर तेच करतो. एक फेरी, दुसरी फेरी, मग फोटो. सगळं एकदम हवं असतं. पण मला अलीकडे त्याच्या अगदी उलट्या जागेची आठवण जास्त येते. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये एक छोटा उंचवटा आहे. तिथे झाडीत एक भोक राखलेलं आहे, आणि त्या भोकातून पाहिलं की सोळा किलोमीटरवरच्या सेंट पॉल्सचा घुमट दिसतो. दुसरं काही नाही, तेवढाच. ती नजरेची रेघ मोकळी राहावी म्हणून तिच्या आड येणाऱ्या बांधकामांवर बंधनं आहेत. मी वाकून पाहिलं. धुक्यात नखाएवढा घुमट. चारही दिशा मोकळ्या असताना जे कधी झालं नाही ते तिथे झालं: मी एकाच गोष्टीकडे बराच वेळ पाहत राहिले.

कुठल्याही मनोऱ्यावर माणसं पहिलं वाक्य एकच बोलतात, भाषा कोणतीही असो. बोट लांब होतं, डोळे बारीक होतात, आणि सूरावरूनच कळतं: ते बघ, आपण तिथे उतरलोय. जगातलं एवढं मोठं नाव असलेलं शहर समोर असतं आणि माणूस आपली एक रात्रीची खोली शोधत असतो. ती सापडली की चेहरा उजळतो. मीही शोधते. निळ्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडचं तिसरं छप्पर, कोपऱ्यावर मोठं झाड असलेली गल्ली, अशा खुणा आदल्या दिवशीच मनात करून ठेवते.

सारायेवोत मी तसंच करत होते, त्या आजीच्या समोर बसून. वरच्या स्टेशनावर ती दोघं पाइनच्या झाडांत दिसेनाशी झाली आणि मी १९८४च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बॉबस्ले शर्यतीच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या, वाटेच्या काँक्रीटवरून चालत राहिले. चित्रांनी रंगवलेली वळणं, भेगांतून उगवलेलं गवत, ओल्या मातीचा आणि राळेचा वास. बोस्नियाच्या युद्धात शहराला पडलेल्या १,४२५ दिवसांच्या वेढ्यात याच उतारांवर तोफा होत्या, शहरावर रोखलेल्या. झाडांमधली एक फट सापडली आणि तिच्यातून शहर दिसलं: तेच पूल, तीच कौलं, ग्रंथालय असताना, १९९२च्या ऑगस्टमध्ये पुस्तकांसकट जळालेलं आणि आता पुन्हा उभं राहिलेलं ते पट्ट्यांचं नगरभवन. रस्त्यावरून जाणारी माणसंही ओळखू येत होती, ठिपक्यांएवढी, पण चालणारी. चांगली उंची, असं ज्याला मी म्हणत आले होते, जवळपास तीच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. डोंगरावरून बघणाऱ्याला शहरं साजरी दिसतात, आणि मी आयुष्यभर त्यावर समाधानी होते. आदल्या दिवशी खाली फिरताना फुटपाथवर लाल डाग पाहिले होते. तोफगोळ्याने फरशीत पडलेले खळगे तिथे लाल राळेने भरलेले आहेत, लोक त्यांना गुलाब म्हणतात. ते मी वरून शोधू लागले. तिथून ते दिसणं शक्यच नव्हतं. ते दिसायला आपल्याच पायांकडे बघत चालावं लागतं. आजी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत काय बोलली असेल ते मी त्या फटीसमोर उभं राहून कितीतरी प्रकारे जुळवून पाहिलं. कदाचित ती फक्त हवेबद्दल बोलली असेल, गुडघ्यांबद्दल बोलली असेल. मुलाला पुरेसे शब्द सुचले नसतील. किंवा सुचले असतील.

परतताना रांगेत ती दोघं माझ्या पुढेच होती. केबिनमध्ये आजी पुन्हा त्याच बाजूला बसली, डोंगराकडे तोंड करून. मी या वेळी तिच्या शेजारी बसले आणि काही बोलले नाही. ऊन उतरलं होतं. कौलांचा लाल रंग काळसर व्हायला लागला होता, काही खिडक्यांत दिवे आले होते. मुलगा सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेला चिकटला होता, त्याच्या श्वासाने काचेवर एक गोल धुरकट डाग पडत होता आणि विरत होता. त्याने आजीला काहीतरी विचारलं. ती लगेच वळली नाही. मग एक हात सीटच्या पाठीवर टेकून सावकाश वळली, डोळे बारीक केले, आणि बोट काचेवर टेकवलं. मुलगा म्हणाला, तिथे? निदान मला तसं ऐकू आलं. तिने बोट काचेवरच बारीकसं डावीकडे सरकवलं. मीही वळून तिच्या बोटाच्या रेषेत पाहू लागले, पण त्या शेकडो कौलांमधलं नेमकं कोणतं ते मला कळेना. केबिन खाली येत गेली तशी छपरं मोठी होत गेली, मग जवळच्या घरांच्या भिंती मध्ये आल्या, आणि शहर दिसेनासं झालं. आजीचं बोट अजून काचेवरच होतं.